फेझंटची बंदूक खांद्याला विचारून घे

प्रश्न एका मुलुंडच्या मुलाचा आहे. वय तिशीच्या आत, नोकरीसाठी गेल्या वर्षी साउथ डकोटातल्या सू फॉल्सला गेला. ऑफिसातली मंडळी दर ऑक्टोबरात फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला जातात, यंदा त्यालाही बोलावलंय. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफल चालवलेली, शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, मात्र कधी हात लावलेला नाही. उंची पाच फूट पाच इंच. विचारतो, "काका, बारा बोअर घेऊ की वीस? दुनळी घेऊ की ऑटोमॅटिक? आणि तुमची स्वतःची आवडती बंदूक कोणती?"

तिन्हींची उत्तरं देतो, फक्त तू विचारलंस त्या क्रमाने नाही. आणि सगळ्यात आधी तू न विचारलेल्या गोष्टीबद्दल.

तू एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेस असं गृहीत धरतो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला तुझ्या कामाचा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग दुकान. दुकानदारही फॉर्म भरताना त्याची प्रत मागेल. हा परवाना मुदतीचा असतो. तो संपला आणि बंदूक तुझ्या कपाटात राहिली, तर शेजाऱ्याला काही होणार नाही, तुझा व्हिसा मात्र धोक्यात येईल. म्हणून पहिल्या वर्षी विकत घेऊच नकोस, मित्राची वापर, असंच मी सांगेन. पण उसनी बंदूक हातात घ्यायलाही परवाना लागतोच.

दुसरं, इकडे परत येताना बंदूक बरोबर आणायचा विचार डोक्यातून काढून टाक. आणलीस तरी इथे तिचं करणार काय? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यावरची १९९१ ची दुरुस्ती झाल्यापासून आपल्याकडे हौसेची शिकार संपली, आणि ते बरंच झालं. मोर, मोनाल, आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा हे सगळे फेझंटचेच भाऊबंद आहेत. सह्याद्रीत पहाटे रानकोंबडा आरवला की मी दुर्बीण काढतो.

मग मी कसला तज्ज्ञ? मी आयुष्यभर मातीच्या तबकड्या फोडल्या. गिरगावात राहून ट्रॅप, म्हणजे यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्या, मारणं म्हणजे वेडेपणाच. वरळीच्या रेंजवर रायफल-पिस्तूलवाल्यांची वर्दळ, आम्ही मात्र बंदुकीची पेटी घेऊन मुंबई सेंट्रलहून दिल्लीची गाडी पकडायची आणि तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज गाठायची. फेझंट मी पाहिला साठीनंतर. लेक अमेरिकेत ओमाहाला असते, तिच्या शेजाऱ्यांबरोबर चार ऑक्टोबर साउथ डकोटात ज्वारीच्या नि मक्याच्या रानातून चाललो, रीतसर परवाना काढून. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

आता बंदूक.

रायफल चालवलेल्या माणसाला सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते. रायफलीने नेम धरतात. शॉटगनने नेम धरायचा नसतो, बोट दाखवायचं असतं. पक्षी उडाला की नजर त्याच्यावर, बंदूक आपोआप गालाशी येते आणि नळी नजरेच्या मागे जाते. रायफलीला मागे एक नि पुढे एक असे दोन साइट असतात, शॉटगनला पुढे फक्त एक मणी. मागचा साइट कुठे गेला? तो म्हणजे तुझा डोळा. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, चुकीच्या मापाचा असेल तर डोळा चुकीच्या जागी येतो, म्हणजे मागचा साइटच हललेला. मग ती बंदूक दोन लाखांची असो की वीस लाखांची, छर्रे पक्ष्याच्या शेजारून जाणार.

हे मी स्वतःच्या गालावर शिकलो. ऐन उमेदीत एक देखणी वर-खाली, म्हणजे एका नळीवर दुसरी असलेली, दुनळी घेतली. दस्ता पावणेपंधरा इंची, लांब हातांच्या युरोपियन माणसासाठी कापलेला. माझी उंची तुझ्याहून इंचभरच जास्त. विकणारा म्हणाला, "सवय होईल." झाली ना! दोन वर्षं गालाच्या हाडावर निळा डाग घेऊन हिंडण्याची सवय झाली. स्कोअर पंचवीस तबकड्यांत सतरा-अठराच्या वर सरकेना. ट्रिगर बदलून पाहिला, चष्मा बदलून पाहिला, एका ज्योतिषालाही हात दाखवला, खोटं कशाला सांगू. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. म्हणाला, डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, आता उघड. उघडले तर मला नळीवरच्या सपाट पट्टीवरून मणी दिसण्याऐवजी नळीची डावी बाजूच दिसत होती. त्याने दस्त्याच्या मागून पाऊण इंच कापला, रबरी पॅड बसवलं आणि गालाखालचा भाग कानशीने किंचित उतरवला. मजुरी तेव्हाची साठ रुपये. पुढच्याच महिन्यात स्कोअर बावीस.

तर दुकानात गेल्यावर तू हेच करायचं. बंदूक उघडून रिकामी आहे हे स्वतः बघ, दुकानदाराला विचारून कुणी नाही अशी दिशा धर. भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे बघ, डोळे मिट, सहज खांद्याला लाव, डोळे उघड. मणी ठिपक्यावर आणि पट्टी सपाट दिसली तर बंदूक तुझी. पट्टीचा चढ दिसला तर डोळा वर आलाय. पट्टी दिसतच नसेल आणि बंदुकीची पाठ तेवढी दिसत असेल तर डोळा खाली गेलाय. हे पाच-सहा वेळा कर, कारण पहिल्या वेळी माणूस नकळत मान वाकवून जुळवून घेतो. लग्नाला मुलगी बघायला गेल्यासारखं पहिल्या भेटीत सगळेच गोड वागतात.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी तिकडच्या बहुतेक बंदुकांना चौदा ते सव्वाचौदा-साडेचौदा इंच असते. तुझ्या उंचीला साडेतेराच्या आसपास लागेल. त्यातून तिकडची थंडी. अंगात जाडं जाकीट असलं की तीच बंदूक अर्धा इंच लांब होते. दस्त्याचं टोक काखेत कापडाला अडकतं आणि तेवढ्यात पक्षी निघून जातो. इंचभर आखूड बंदूक चालते, इंचभर लांब चालत नाही. काही कंपन्या कमी उंचीच्या लोकांसाठी आणि बायकांसाठी आखूड दस्त्याची मॉडेल काढतात. ती बायकांची म्हणून लाजू नकोस.

जोडीला डोळा तपास. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी खिडकी कर, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ आणि हात हळूहळू तोंडाशी आण. खिडकी ज्या डोळ्यावर येईल तो तुझा मुख्य डोळा. उजव्या खांद्यावरून चालवणाऱ्याचा डावा डोळा मुख्य निघाला तर बंदूक कितीही मापाची असो, चुकणारच. माझ्या लेकीचं तसं आहे. तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर मी पाव इंचाचा धूसर टेपचा तुकडा लावला, एवढ्यावर भागलं.

आता बोअर. हा आकडा कुठून आला ते कळलं की निम्मा गोंधळ जातो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, साडेपंधराच्या थोडी वर. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. अपवाद चारशे दहाचा. तो सरळ नळीचा व्यास आहे, इंचाचे हजारांश. चारशे दहा "हलकी म्हणून शिकाऊंना बरी" असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. तिच्यात छर्रे इतके कमी बसतात की ती मुरलेल्या नेमबाजाची बंदूक आहे.

बारा आणि वीस दोन्हींनी फेझंट पडतो. ठरवायचं वजनावर. इंग्लंडच्या जुन्या बंदूककारांचा एक ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. फेझंटला सव्वा औंसाचं, म्हणजे ३५ ग्रॅमचं काडतूस वापरायचं तर बंदूक ३.३६ किलोची हवी. ३२ ग्रॅमचं वापरलंस तर ३.०७ किलो पुरे. २८ ग्रॅमला २.७. आता तूच बघ. दिवसभर गुडघाभर गवतातून बारा-पंधरा किलोमीटर चालायचं असतं, बंदूक सतत हातात, पट्टा लावून खांद्यावर टाकून चालत नाही, कारण पक्षी विचारून उडत नाही. सकाळी तीन किलो म्हणजे काहीच वाटत नाही, दुपारी तीनला तेच दादर स्टेशनवर बायकोची बॅग धरून उभं राहिल्यासारखं वाटतं. तुझ्या चणीला बारा बोअर, तीन-सव्वातीन किलो, २८ इंची नळी आणि ३२ ग्रॅमची काडतुसं. अडीच किलोची वीस बोअर घेऊन त्यात मॅग्नम, म्हणजे जास्त जोरकस, काडतूस भरणारे हौशी भेटतील. त्यांचा खांदा संध्याकाळी बघ.

वीस बोअरवाल्याच्या गाडीतून जाणार असशील तर हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. वीसचं काडतूस पिवळं असतं, आणि ते उगीच नाही. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते घसरून पुढे अडकतं, मागून नळी रिकामी दिसते, आपण वर बाराचं भरतो आणि बार काढला की नळी फुटते. डावा हात नेमका तिथेच असतो. दोन्ही बोअरची काडतुसं एका खिशात, एका पिशवीत, एका टेबलावर कधीही ठेवायची नाहीत.

छर्रे तिकडच्या नंबरांनी पाचचे घे. सहाचे औंसाला सव्वादोनशे बसतात, पाचचे एकशेसत्तर. सीझनच्या सुरुवातीला पक्षी पायाशी उडतात तेव्हा सहाही चालतात, पण फेझंट चिवट असतो, आणि जखमी होऊन पळालेला पक्षी ही आपल्या हातून घडणारी सगळ्यात वाईट गोष्ट. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या फेडरल जमिनींवर फेझंटलाही शिसं चालत नाही, पोलादी किंवा दुसरे बिनविषारी छर्रे लागतात. पोलाद हलकं, म्हणून शिशाच्या पाचऐवजी पोलादाचे तीन नंबर घ्यायचे. पोलाद कुणाच्या आजोबांच्या जुन्या बंदुकीतून मारू नकोस, नळी खराब होईल.

चोक म्हणजे नळीच्या टोकाची किंचित निमुळती गळचेपी. त्याच्यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. तू पहिल्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर आणि दुसरीला मॉडिफाइड लाव आणि विषय सोड. चाळीस यार्डांवरच्या तीस इंची वर्तुळात पहिला साधारण निम्मे छर्रे टाकतो, दुसरा साठ टक्के. फुल चोक सत्तर टाकतो, पण जवळच्या पक्ष्याचा त्याने खिमा होतो, आणि जेवताना दाताखाली छर्रा आला की लेक जेवायला वाढत नाही.

आता दुनळी की ऑटोमॅटिक. तू ऑटोमॅटिक म्हणतोस ती खरं तर सेमी-ऑटो, प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो खांद्याला सगळ्यात मऊ, नाकारायचं कारण नाही. पंप, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, स्वस्त नि दणकट. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची, एक कोटीच्या वर बनली आहे, तुझ्या ऑफिसातल्या दोघांकडे तरी असेलच. तरीही नवख्याला मी दुनळीच सांगतो, आणि कारण नेमबाजीचं नाही. दहा माणसं रांगेत चालतात, पलीकडच्या टोकाला दोन-तीन जण पक्षी अडवायला उभे असतात, मध्ये कुत्रे. कुंपण ओलांडताना, गाडीपाशी, डब्यातले सँडविच खाताना दुनळी बिजागरीत उघडून हातावर टाकली की पन्नास पावलांवरच्या माणसालाही दिसतं की ही उडणार नाही. पंप किंवा ऑटो रिकामी आहे हे फक्त ती धरणाऱ्याला माहीत असतं, आणि तेही त्याला वाटत असतं. शिवाय दोन नळ्या, दोन चोक, आणि दोनच बार. तिसरा बार बहुतेक वेळा रागाच्या भरात सुटतो.

वर-खाली की शेजारी-शेजारी? नवख्याला वर-खाली. एकच अरुंद पट्टी दिसते, रायफलीची सवय असलेल्या डोळ्याला ती जुळते. ब्राउनिंग सिटोरी, बेरेटा ६८६ या वर्गातली वापरलेली बंदूक बघ. या बंदुका तुझ्या निवृत्तीपर्यंत टिकतील. उघडल्यावर बिजागरीत खडखड नाही ना, नळ्यांत आतून खड्डे नाहीत ना, बंद केल्यावर बंदूक उघडायचा वरचा खटका मधल्या रेषेच्या जराशा उजवीकडे थांबतो की डावीकडे पार झालाय, एवढं पाहा. डावीकडे गेलेला खटका म्हणजे झिजलेली बंदूक.

माझी ट्रॅपची बंदूक मात्र अशा कामाला अजिबात नेऊ नये. पावणेचार किलो, ३० इंची नळ्या, आणि तबकडी नेहमी वरच जाते म्हणून वर मारणारी. आणि फरक फक्त बंदुकीचा नाही. तबकडी यंत्रातून सुटते तेव्हा सगळ्यात वेगात असते, मग मंदावत जाते. फेझंट उलटा. आधी फडफडत जवळजवळ सरळ वर चढतो, मग आडवा होऊन वेग घेतो. माझा पहिला नर तीन पावलांवरून उठला. तो आवाज आधी कळतच नाही, जुन्या स्कूटरला कुणी पायाखाली किक मारल्यासारखा. चाळीस वर्षांची ट्रॅपची सवय, अर्ध्या सेकंदात पहिला बार काढला, तो त्याच्या पायांखालून गेला. दुसरा काढेपर्यंत तो आडवा झाला होता, तो शेपटीतून गेला. एक लांब तपकिरी पीस गिरक्या घेत खाली आलं, पक्षी शेजाऱ्याच्या शेतात. कुत्र्याने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस. फेझंटची निम्मी लांबी शेपटी आहे, आणि आपली नजर चमकत्या लांब गोष्टीवर जाते. तू गळ्याकडे बघ. नराच्या गळ्यात पांढरं कडं असतं, तेच दिसेपर्यंत थांब. त्या थांबण्याचा दुसरा फायदा असा की मारायला परवानगी फक्त नराची आहे, दिवसाला तीन. मादी साधी तपकिरी असते. शंका आली की बंदूक खाली.

राहिली माझी आवडती. ती माझी नाहीच. ज्यांच्या शेतावर आम्ही जातो त्या म्हाताऱ्याची, सोळा बोअरची शेजारी-शेजारी दुनळी, त्याच्या वडिलांनी घेतलेली. अठ्ठावीस ग्रॅमची काडतुसं, पावणेतीन किलोच्या आसपास वजन, दोन चाप, दस्त्यावर वडिलांच्या अंगठ्याने घासून झालेला खळगा. तो खळगा माझ्या अंगठ्याला बसतो, दस्ताही माझ्या गालाला बसतो. त्याचे वडील ठेंगणे होते म्हणे. त्या बंदुकीने मी विचार करत नाही, आणि बहुधा म्हणूनच पक्षी पडतो. पण तू सोळा बोअर घेऊ नकोस. काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत आणि जी मिळतात ती महाग.

त्या म्हाताऱ्याकडूनच कळलं की फेझंट मूळचा तिथला नाही. १८८० च्या दशकात ओवेन डेनी नावाच्या, शांघायला असलेल्या अमेरिकी कॉन्सलने चीनमधून ओरेगनला पाठवला, पुढे तो प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांत, पसरला आणि १९४३ मध्ये साउथ डकोटाचा राज्यपक्षी झाला. म्हणजे आशियातून जाऊन तिकडे जम बसवणारा तू पहिला नाहीस.

बंदूक घेतल्यावर पहिला महिना एकही काडतूस न उडवता काढ. ती रिकामी आहे हे दोनदा तपास, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीत मावेल असा बारीक टॉर्च खोच, आणि भिंत छताला मिळते त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवत बंदूक खांद्याला आण. रोज तीस वेळा. मी हे गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत केलंय, आई स्वयंपाकघरातून ओरडायची की दिव्याला धक्का लागेल. तुझ्याकडे तर अख्खा हॉल आहे. मग कुठल्याही क्ले रेंजवर जाऊन शंभर तबकड्या मार, पण बंदूक आधीच खांद्याला लावून उभा राहू नकोस. खाली धर, तबकडी दिसल्यावर उचल.

निगेची तुला फार चिंता नाही. इथे पावसाळ्यात समुद्राच्या हवेने बोटाच्या ठशाचाही दुसऱ्या दिवशी गंज होतो, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की मी दोन दिवस तेल लावत बसतो. तिकडची हवा कोरडी. संध्याकाळी नळीतून फडका फिरव, थंडीतून घरात आणल्यावर दव धरलेलं पूस, बास.

आणि दुकानात जाशील तेव्हा शिकारीत घालणार आहेस ते जाडं जाकीट घालून जा. सप्टेंबर असेल, उकडेल, दुकानदार हसेल. हसू दे.